फळ्यामागचे डबे

देशात एक नवा देव बसवलाय. नाव : शैक्षणिक तंत्रज्ञान. नैवेद्य : वीज, डेटा आणि महिन्याचा हप्ता. मंत्री त्याची आरती करतात, कंपन्या दक्षिणा गोळा करतात, आणि शिक्षणाच्या नावावर पोट भरणारे पंडित थंड हॉलात बसून त्याचं माहात्म्य वाचतात. टॅब आला, झाली क्रांती. भिंतीवर पडदा लागला, झाली क्रांती. आता तर यंत्रच मास्तर होणार म्हणे. कृत्रिम बुद्धी पोरांशी गप्पा मारणार आणि गरीब-श्रीमंत, गाव-शहर, गावकुसाच्या आतलं-बाहेरचं सगळं एका बटणात पुसून जाणार!

थांबा. बटणावर बोट कुणाचं आहे ते आधी बघू.

मी मॅट्रिक. गोदीत ओझी वाहतो, कविता लिहितो. बी.एड. नाही, एम.एड. नाही, पीएच.डी. तर आमच्या सात पिढ्यांत नाही. पंडित विचारतील, तुला या विषयावर बोलायचा अधिकार काय? अधिकार एवढाच की यंत्र म्हणजे काय ते मी पाठीवर शिकलोय, आणि शाळा म्हणजे काय ते शेवटच्या बाकावर. या दोन्ही जागा तुमच्या अभ्यासक्रमात नाहीत. म्हणून मी बोलणार, आणि तुम्ही ऐकायचं.

बी.एड. करणाऱ्या एका दोस्ताचं पुस्तक मी पाळी सुटल्यावर वाचून काढलं. त्यातल्या व्याख्येचा अर्थ असा : शिकणं आणि शिकवणं जास्त परिणामकारक व्हावं म्हणून विज्ञानाचा, पद्धतीचा आणि साधनांचा केलेला योजनाबद्ध वापर म्हणजे शैक्षणिक तंत्रज्ञान. पुढे त्याचे तीन वाटे केलेत. एक यंत्रांचा, दुसरा शिकण्याच्या मानसशास्त्राचा, तिसरा सगळी व्यवस्था एकत्र बघण्याचा. व्याख्येशी माझं भांडण नाही. चांगली आहे. रेडिओ, टीव्ही, संगणक एवढ्यावर ती थांबत नाही. कोण कुठे बसणार, कोण बोलणार, कोण ऐकणार, कशाला कुणी हात लावायचा, ही सगळी मांडणीच तंत्रज्ञान आहे असं ती सांगते. मग उद्दिष्टांची यादी येते : गुणवत्ता, वेग, प्रसार, खर्चात बचत, प्रत्येकाला त्याच्या गतीने शिक्षण. यादी भली लांब आहे. फक्त एक शब्द तिच्यात सापडत नाही : कुणासाठी?

हा एक शब्द घेऊन मी या देशाचा इतिहास उलटा वाचायला घेतला.

या देशातलं पहिलं पक्कं शैक्षणिक तंत्रज्ञान कुठलं? पाटी नव्हे, फळा नव्हे, छापखाना तर नव्हेच. तोंड आणि कान! वेद पाठ करायच्या पद्धती बघा. पदपाठ, क्रमपाठ, जटापाठ, घनपाठ. शब्द पुढून म्हणायचे, मागून म्हणायचे, जोडीने फिरवून म्हणायचे, म्हणजे एक अक्षर, एक स्वरसुद्धा हलणार नाही. कागद नसताना हजारो वर्षं मजकूर जसाच्या तसा टिकवला. अफाट तंत्र. मी मानतो. २००३ मध्ये युनेस्कोनेही या पठणाला मानवजातीचा वारसा म्हणून मान दिला. पण याच तंत्राचा दुसरा भाग गौतम धर्मसूत्रात लिहून ठेवलाय. शूद्राने वेद ऐकला तर त्याच्या कानात वितळलेलं शिसं आणि लाख ओता, उच्चारला तर जीभ छाटा. कान हे शिकण्याचं साधन, म्हणून बंदोबस्त कानाचाच! जन्म हाच पासवर्ड. पासवर्ड चुकला तर शिसं.

म्हणजे काय, दोस्तहो? तंत्र जगात एक नंबर असू शकतं आणि तरी ते दरोडाच असू शकतं. तंत्र किती बारीक आहे, किती हुशार आहे यावरून त्याचं चारित्र्य ठरत नाही. ज्ञान टिकवायचं तंत्र आणि ज्ञान अडवायचं तंत्र ही एकाच कारखान्यात तयार झालेली जुळी भावंडं आहेत.

पुढे गोरा साहेब आला. त्याने शाळा उघडल्या, फळा आणला. फळा म्हणजे त्या काळचा स्मार्ट बोर्डच. वर्गातल्या सगळ्यांना एकाच वेळी एकच अक्षर दिसणार. केवढी समता! आणि त्या फळ्याचं काय झालं? बाबासाहेबांच्या चरित्रात वाचा. मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये मास्तरांनी भीमरावाला गणित सोडवायला फळ्यापाशी बोलावलं. आणि वर्गातली सवर्ण पोरं धावत सुटली. का? फळ्यामागे त्यांचे जेवणाचे डबे ठेवलेले होते. हा फळ्याला हात लावणार, डबे बाटणार! आधी डबे हलवले, मग भीमराव गणिताला भिडला.

ही गोष्ट तुम्ही आम्ही लहानपणापासून ऐकतो आणि डोळे पुसतो. डोळे पुसू नका, नीट बघा. खडू होता. फळा होता. मास्तर बोलावतही होता. साधन पोचलं होतं, संधी पोचली होती, आकडेवारीत हा विद्यार्थी ‘लाभार्थी’ म्हणून मोजला गेला असता. आणि तरी फळ्यामागे डबे होते. त्याच्या आधी साताऱ्याच्या शाळेत हाच पोरगा घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळा बसत होता. ते गोणपाट शाळेतला नोकर हातात धरायचा नाही, म्हणून रोज घरी न्यायचं आणि रोज आणायचं. नळ होता, पण चपराशी तोटी सोडेल तेव्हाच पाणी. चपराशी नाही तर पाणी नाही. ते गोणपाट, ती तोटी, हेसुद्धा शैक्षणिक तंत्रज्ञानच आहे, पंडितहो. तुमच्याच व्याख्येत बसतं. कोण कुठे बसणार आणि कशाला हात लावणार याची योजनाबद्ध मांडणी!

तेव्हा जेव्हा कुणी मला नवं यंत्र दाखवतो, तेव्हा मी त्याच्या पुढच्या बाजूचा चकाकता पडदा बघत नाही. मागे जाऊन बघतो. मागे डबे कुणाचे आहेत?

आता कुणी म्हणेल, हा यंत्राचा शत्रू दिसतो. चरखा घेऊन बसणारा. अरे, चरखावाल्यांशी तर आमचं जुनं भांडण आहे! १९४५ साली काँग्रेस आणि गांधींवर लिहिलेल्या पुस्तकात बाबासाहेबांनी हा हिशोब चुकता केलाय. यंत्रामुळे माणूस भरडला जातो असं नाही, यंत्र ज्या समाजरचनेत, ज्या मालकीत चालतं ती रचना माणसाला भरडते, असं त्यांचं म्हणणं. यंत्र मोडू नका, रचना मोडा. यंत्राने माणसाला फुरसत द्यावी, आणि फुरसतीत माणसाने डोकं चालवावं.

याचा पुरावा मला पुस्तकात शोधावा लागत नाही. माझा आजोबा मुंबईच्या गोदीत डॉक लेबर बोर्डाचा कामगार होता. १९४८ च्या कायद्याने ते बोर्ड आलं. त्याआधी मुकादम रोज गेटावर माणसं निवडायचा, बैल निवडावा तशी. बोर्डामुळे हजेरी आली, रजा आली, म्हातारपणाला आधार आला. मग कंटेनर आला. लोखंडाची पेटी. जो माल उतरवायला टोळ्यांच्या टोळ्या आठवडाभर घाम गाळायच्या, तो क्रेन तासांत उचलू लागली. १९८९ मध्ये पलीकडे न्हावा-शेवा सुरू झालं. १९९४ मध्ये मुंबईचं डॉक लेबर बोर्ड पोर्ट ट्रस्टमध्ये विलीन झालं. क्रेनने माझ्या आजोबाची पाठ वाचवली का? वाचवली. खोटं बोलणार नाही. शंभर किलोची गोण मणक्यावर घेण्यात कसलीही संस्कृती नाही, कसलाही अभिमान नाही. पण वाचलेला घाम कुणाच्या खात्यावर जमा झाला? आजोबा बोर्डाचा कामगार होता, मी ठेकेदाराचा आहे. क्रेन आली आणि मुकादम परत आला. फक्त आता तो मोबाईलवरून निवडतो.

म्हणून शाळेत यंत्र येतं तेव्हा मी गोदीचाच प्रश्न विचारतो. हे मास्तरचं ओझं हलकं करायला आलंय, की मास्तरलाच हलवायला? पोराची पाठ वाचवायला आलंय, की त्याची जागा?

उत्तर यंत्राच्या जन्मपत्रिकेत सापडतं. अठराव्या शतकाच्या अखेरीस अँड्र्यू बेल नावाचा पाद्री मद्रासच्या अनाथाश्रमात होता. इथल्या पोरांना वाळूत बोटाने अक्षरं गिरवताना त्याने बघितलं आणि ती युक्ती उचलली. मोठ्या पोराने लहान पोराला शिकवायचं, एका मास्तराच्या हाताखाली शेकडो पोरं उरकायची. ‘मद्रास पद्धत’ म्हणून ती इंग्लंडात गेली. कुणासाठी? लॉर्डांच्या पोरांसाठी नव्हे. त्यांना घरी स्वतंत्र शिक्षक होते. ती गेली मजुरांच्या पोरांसाठी, कारण स्वस्त होती. तेव्हापासून रिवाज पडला : श्रीमंताच्या पोराला माणूस, गरिबाच्या पोराला पद्धत.

मग अमेरिकेत स्किनर झाला. कबुतरांना दाणे टाकून टाकून त्यांच्याकडून हवं ते करून घेणारा. १९५३ मध्ये तो आपल्या मुलीच्या वर्गात जाऊन बसला, तिथलं शिकवणं त्याला रटाळ वाटलं आणि त्याने शिकवणारं यंत्र बनवलं. एक छोटा प्रश्न, एक छोटं उत्तर, बरोबर असेल तर पुढे. प्रत्येक पोर आपल्या गतीने. कल्पना टाकाऊ नाही. पाढे, स्पेलिंग, सूत्रं यांना चांगली. पण त्या पेटीत एकच रस्ता होता : प्रश्न यंत्राचा, उत्तर पोराचं. पोराने यंत्राला प्रश्न विचारायची खिडकीच नव्हती. आजची बहुतेक अ‍ॅप्स त्याच पेटीची नातवंडं आहेत. रंग आले, गाणी आली, टाळ्या वाजवणारा कार्टून आला. दाण्याच्या जागी तारे आले. कबुतर तेच.

आणि आवाज? पडद्यातून येणारी मराठी कुणाची असते? आमचं पोरगं ‘पानी’ म्हणतं. साध्या मास्तराने हसून तरी पुढे नेलं असतं. आवाज तपासणारं यंत्र सदाशिव पेठेत वाढलेलं असेल तर ‘पानी’ला लाल फुली मारणार. गोंडी, भिली, पावरी, कैकाडी बोलणाऱ्या पोराला तर ते ओळखणारच नाही. कानातलं शिसं आता ओतावं लागत नाही. दोस्तहो, यंत्राच्याच कानात भरून पाठवतात.

आपल्या देशाने काही केलंच नाही असं मी म्हणत नाही. १९७५ च्या १ ऑगस्टपासून १९७६ च्या ३१ जुलैपर्यंत ‘साइट’ नावाचा प्रयोग झाला. अमेरिकेच्या नासाकडून एटीएस-६ उपग्रह वर्षासाठी उसना घेतला आणि आंध्र, बिहार, कर्नाटक, मध्य प्रदेश, ओडिशा, राजस्थान या सहा राज्यांतल्या सुमारे २४०० गावांत टीव्ही लावला. सकाळी शाळेच्या पोरांसाठी, संध्याकाळी मोठ्यांसाठी. आपल्याच शास्त्रज्ञांनी संच आणि तबकड्या उभ्या केल्या, अंधारातल्या गावांत बॅटरीवर टीव्ही चालवला. छाती फुगावी असं काम. पण वर्ष संपलं, मालकाने उपग्रह परत नेला. शाळेच्या भिंतीवर चित्र होतं तिथे पुन्हा भिंत आली. मग १९८४ मध्ये विद्यापीठांसाठी दूरदर्शनवरचे वर्ग. २००४ मध्ये खास शिक्षणासाठी ‘एज्युसॅट’ आकाशात. २०११ मध्ये ‘आकाश’ नावाचाच स्वस्त टॅबलेट. २०१५ मध्ये मुंबईत महापालिकेच्या पोरांना टॅब. प्रत्येक वेळी आकाशातून काहीतरी येणार म्हणून जमिनीवरच्या शाळेने वर बघायचं! छप्पर गळतंय, ते त्यामुळे तेवढं दिसतं.

आणि मग आला २०२०. शाळांना कुलपं आणि घोषणा : शिक्षण चालू आहे, ऑनलाइन! त्याच वर्षीच्या नव्या शैक्षणिक धोरणात तंत्रज्ञानाला दोन स्वतंत्र प्रकरणं मिळाली. डिजिटल दरी आहे, ती बुजवली पाहिजे असंही त्यात लिहिलंय. लिहिलंय हे खरं. आता सरकारचेच आकडे ऐका. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५ व्या फेरीत, २०१७-१८ मध्ये, ग्रामीण भागात ४.४ टक्के घरांत संगणक होता आणि १४.९ टक्के घरांत इंटरनेटची सोय. शहरात २३.४ आणि ४२. हे आकडे टेबलावर असताना शिक्षण पडद्यावर नेलं. शंभरातल्या पंच्याऐंशी खेडूत घरांना वगळून ‘शिक्षण चालू आहे’ म्हणणं ही चूक नाही, ही निवड आहे.

ऑगस्ट २०२१ मध्ये ज्यां द्रेझ आणि त्यांच्या सोबत्यांनी १५ राज्यं आणि केंद्रशासित प्रदेशांत सुमारे १,४०० गरीब घरांतल्या पोरांची पाहणी केली. खेड्यातली शंभरातली ८ पोरं नियमित ऑनलाइन शिकत होती. ३७ अजिबात शिकत नव्हती. आता जात लावून बघा. दलित-आदिवासी पोरांत शंभरात ४, खेड्यातल्या बाकीच्यांत शंभरात १५. एकच गाव, एकच सिग्नल, एकच टॉवर. तरी चौपट फरक. कुठे गेली ती बटणात पुसली जाणारी जात? जून २०२० मध्ये केरळातल्या मलप्पुरम जिल्ह्यात रोजंदारी मजुराच्या दलित मुलीने जीव दिला. घरचा टीव्ही बिघडलेला, स्मार्टफोन नाही, आणि ऑनलाइन वर्ग सुरू झालेले. आणि केरळ म्हणजे काय मागास राज्य नव्हे, पंडितहो, शिक्षणात तुम्हीच ज्याचं उदाहरण देता तेच! तिथे ही गत, तर मेळघाटात काय, किनवटात काय, आमच्या वस्तीत काय?

आमच्या वस्तीतलं सांगतो. माझी भाची चौथीत होती. घरात फोन एक, तो दाजींचा. वर्ग सकाळी अकराला, आणि अकराला फोन दाजींच्या खिशात, दाजी माल पोचवायला भायखळ्याला. रात्री फोन घरी आला की गृहपाठाचे फोटो बघायचे, तर डेटा संपलेला. पण त्या पोरीच्या बाई भल्या होत्या. त्यांनी शेजारणीच्या बटणाच्या साध्या फोनवर संध्याकाळी कॉल लावायला सुरुवात केली. पाढे म्हणून घ्यायच्या, धडा वाचून दाखवायच्या, ‘काय कळलं नाही ते विचार’ म्हणायच्या. त्या एका फोनभोवती गल्लीतली सहा पोरं बसायची. हजार रुपयांचा फोन! माझ्या लेखी त्या दोन वर्षांतलं वस्तीतलं सगळ्यात पुढारलेलं शैक्षणिक तंत्रज्ञान तेच होतं. कारण पलीकडे माणूस होता, आणि पोरांना विचारायची मुभा होती. मुंबईत प्राथमिक शाळांची दारं डिसेंबर २०२१ मध्ये उघडली. तोवर किती पोरं नाक्यावरच्या गॅरेजात कायमची भरती झाली, ते वस्तीला माहीत आहे.

ज्या काळात आमच्या शाळा बंद होत्या, त्याच काळात बाजार उघडला होता. २०११ मध्ये निघालेली बायजूज कंपनी २०२२ पर्यंत २२ अब्ज डॉलरची झाली. भारतीय क्रिकेट संघाच्या छातीवर तिचं नाव. ज्या देशात जिल्हा परिषदेच्या शाळेला खडूसाठी हात पसरावे लागतात, त्या देशात पोरांच्या अभ्यासाच्या धंद्याला एवढी किंमत! डिसेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय बालहक्क आयोगाने या कंपनीच्या प्रमुखाला बोलावणं धाडलं. आरोप होते की पालकांच्या गळ्यात जबरदस्तीने कोर्स मारले जातात, कर्जाच्या करारात अडकवलं जातं. जुलै २०२४ मध्ये क्रिकेट मंडळाच्याच १५८ कोटींच्या थकबाकीवरून कंपनी दिवाळखोरीच्या कोर्टात उभी राहिली. फुगा फुटला. फुग्यात हवा कुणाची होती? ‘माझ्यासारखी वेळ पोरावर येऊ नये’ म्हणून हप्ता फेडणाऱ्या आईबापाच्या छातीतली. आमच्या माणसाची शिक्षणाची भूक सव्वाशे-दीडशे वर्षांच्या चळवळीने पेटवलेली आहे. ती भूक हेरून कुणी तिचा धंदा केला, तर त्याला मी उद्योजक म्हणणार नाही.

आणि हप्ता न घेता फुकट देतात, त्यांचं काय? फुकटात काय घेतात ते विचारा. २०२२ मध्ये ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेने ४९ देशांतली दीडशेहून जास्त शैक्षणिक अ‍ॅप्स आणि संकेतस्थळं तपासली. दहातली जवळजवळ नऊ पोरांची माहिती धोक्यात येईल अशा रीतीने हाताळत होती. आपल्या सरकारचं ‘दीक्षा’ अ‍ॅपही पोरांचं ठिकाण टिपतं असं त्या अहवालाचं म्हणणं. गोदीत मुकादमाच्या वहीत माझी हजेरी असते, पण वही मला बघायला मिळत नाही. पोरगं कुठे अडखळतं, किती वाजता झोपतं, कुठल्या वस्तीतून बोलतं, ही वही आता पहिलीपासून कुणीतरी लिहितोय. उद्या नोकरीच्या दारात ती वही उघडली जाणार नाही याची हमी कोण देतो?

इथे दोघे जण माझ्यावर चिडणार. पहिला पंडित. तो म्हणणार, हे सगळं नकारात्मक आहे, तंत्रज्ञान तटस्थ असतं. तटस्थ! चपराशाच्या हातातली तोटीही तटस्थच होती. दुसरा चिडणार तो आपलाच भाऊ, वस्ती सोडून ब्लॉकमध्ये राहायला गेलेला. तो म्हणणार, माझा पोरगा अ‍ॅपवर शिकून पुढे गेला, तुम्ही रडत बसा. भावा, तुझा पोरगा पुढे गेला याचा मला आनंद आहे, मनापासून. पण तो अ‍ॅपवर शिकला तेव्हा त्याला वेगळी खोली होती, वायफाय होतं आणि शेजारी शिकलेला बाप होता. अ‍ॅपने तुझ्या बापपणावर कळस चढवला. ज्या घरात पायाच नाही तिथे कळस पाठवून काय उपयोग?

आता मला विचाराल, तुझ्या मते शैक्षणिक तंत्रज्ञानाचा अर्थ काय, उद्दिष्ट काय? सांगतो. आमच्या बापजाद्यांनी ते करून दाखवलंय, फक्त तुमच्या पुस्तकात त्याला ते नाव नाही.

जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८५५ मध्ये शेतकरी-मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली. रात्रशाळा! नवं यंत्र एकही नाही. कंदील होता तोच. पण घड्याळ उलटं फिरवलं. दिवस मालकाचा आहे ना, मग शाळा रात्री येईल. विद्यार्थ्याच्या आयुष्याप्रमाणे शाळेला वाकवलं. हा शोध आहे, वाफेच्या इंजिनाच्या तोडीचा. १८८२ मध्ये हंटर कमिशनपुढे जोतीरावांनी साक्ष दिली. वरच्यांना शिकवा, ज्ञान आपोआप खाली झिरपेल, या सरकारी तंत्रावर त्यांनी घाव घातला. कर शेतकऱ्याचा आणि शिक्षण वरच्यांचं, हा हिशोब मांडला. प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा म्हणाले, आणि मास्तर कसा हवा तेही सांगितलं : नांगर धरायला न लाजणारा, पोरांच्यात मिसळणारा. बाबासाहेबांनी १९२७ मध्ये मुंबईच्या कौन्सिलात आकडा ठेवला. शंभर पोरं शाळेत येतात तेव्हा चौथीपर्यंत अठराच पोचतात. त्यांची नजर दारावर नव्हती, गळतीवर होती. १९४६ मध्ये सिद्धार्थ कॉलेज काढलं तेव्हा नोकरी करणाऱ्या पोरांसाठी सकाळचे वर्ग ठेवले. पुन्हा तेच तंत्र : घड्याळ वाकवा, माणूस मोडू नका.

हाच अर्थ. ज्याला आजवर वगळलं त्याच्या वेळेला, त्याच्या भाषेला, त्याच्या पोटाला धरून शिकण्याची मांडणी करणं म्हणजे शैक्षणिक तंत्रज्ञान. आणि उद्दिष्ट एकच : ऐकणाऱ्याला बोलता करणं. शिकलेलं पोरगं व्यवस्थेला प्रश्न विचारत नसेल, तर तुम्ही त्याला शिकवलं नाही, फक्त चालवलंत.

म्हणून यापुढे वस्तीत कुणी यंत्र घेऊन आलं, तर त्याला हाकलू नका. बसवा, चहा पाजा आणि विचारा :

हे आल्यावर मास्तर वाढणार की कमी होणार?
पोराला यात प्रश्न विचारता येतो की फक्त उत्तर देता येतं?
बिघडलं तर दुरुस्त कोण करणार, आणि किती दिवसांत?
यात आमची बोली आहे का, आमचा इतिहास आहे का?
पोराची माहिती कुणाच्या वहीत जाणार, आणि ती वही आम्हाला दाखवणार का?
तुमचं स्वतःचं पोरगं याच्यावरच शिकतं का?

शेवटच्या प्रश्नाला तो चहा अर्धा टाकून उठेल. उठू द्या.

आणि सरकारकडे आमचं मागणं भीक म्हणून नाही, हक्क म्हणून आहे. १ एप्रिल २०१० पासून शिक्षणहक्काचा कायदा लागू आहे. जवळची शाळा आणि पोरांच्या संख्येप्रमाणे मास्तर हे त्यात लिहिलेलं आहे. तेव्हा २०२३ मध्ये मांडलीत तशी वीसपेक्षा कमी पोरांच्या शाळा गोळा करून ‘समूह शाळा’ करण्याची भाषा बंद करा. तांड्यावरची, पाड्यावरची शाळा तिथेच ठेवा, आणि यंत्र द्यायचं तर त्या शाळेत द्या, शाळेच्या बदल्यात देऊ नका. मास्तरांच्या रिकाम्या जागा भरा. वस्तीत अभ्यासिका बांधा, रात्री बारापर्यंत दिवा आणि इंटरनेट असलेली, जिथे दहा बाय दहाच्या खोलीतल्या पोराला पाय पसरून वाचता येईल. जनतेच्या पैशाने जे शिकण्याचं साहित्य तयार होतं, ते जनतेच्या मालकीचं राहू द्या. पारधी, गोंड, भिल्ल, मांग, महार, मुसलमान पोरांच्या हातात कॅमेरा आणि माइक द्या. धडे त्यांना बनवू द्या. मग बघू यंत्र कुठली मराठी बोलतं.

एवढं करा, आणि मग खुशाल आणा तुमची कृत्रिम बुद्धी. आमची खरी बुद्धी तिला भेटायला तयार आहे. तिच्याशी गप्पा मारायला, तिला उलटे प्रश्न विचारायला, आणि गरज पडली तर तिची पेटी उघडून आत काय आहे ते बघायला.

पण तोवर, पंडितहो, फळ्यापासून बाजूला व्हा. आमची पोरं गणित सोडवायला उठलेली आहेत. आणि या वेळी ती फळ्याच्या पुढून नाही, मागून येणार आहेत.

तुमचे डबे सांभाळा.

जय भीम!